दोन दस्त

वकिलीणबाईंनी बिल दिलं एकाच कागदावर,
मधे पट्टीने रेघ मारून.
डावीकडे मिऱ्याचं घर, विक्री.
उजवीकडे नाचण्याचा ब्लॉक, दुसरा मजला, खरेदी.
मी म्हटलं, बाई, माणूस एक, दिवस एक,
रिक्षासुद्धा एकच करून आलो,
मग फी दोनदा कशी?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, भाऊ, एका होडीतून दुसरीत पाय टाकताना
दोन्ही होड्या कोणीतरी धरून ठेवाव्या लागतात.

मी बत्तीस वर्षं मिरकरवाड्याला
बर्फाच्या फॅक्टरीत काढलेली.
लादी मोजल्याशिवाय गाडीत चढू द्यायचो नाही.
तसंच एकेक आकडा बोटाखाली धरून वाचला.
मसुदा, दोन. टायपिंग, झेरॉक्स.
मुद्रांक वेगळा, तो सरकारचा.
‘घेणारी बाई असती तर एक टक्का सुटला असता,’
कारकून सहज बोलला
आणि पुढचा रकाना भरू लागला.

शोध, तीस वर्षं : साडेतीन हजार.
उजवीकडे ठीक आहे,
दुसऱ्याचं घर घेताना बघावं
आधीच्यांनी काय करून ठेवलंय.
पण डावीकडेही तोच आकडा.
माझ्याच घराचा शोध, आणि पैसे मी भरायचे?
‘घर निर्वेध आहे असं तुम्ही लिहून देणार,’ बाई म्हणाल्या,
‘मग आधी मी बघायला नको?’
आणि फाइल माझ्याकडे वळवली.

१९९७. गहाणखत. मच्छीमार पतसंस्था. अठरा हजार.
वर शेवंतीची सही, अक्षरं एकमेकांना टेकलेली.
खाली माझी.

त्या साली फॅक्टरी सात महिने बंद होती.
तांदूळ मात्र यायचा घरात.
भिशी लागली, म्हणाली होती.
इथे सही करा, रेशनचं आहे, म्हणाली होती.
मी केली. जेवता जेवता, डाव्या हाताने कागद दाबून.

बंद पडलेल्या संस्थेच्या कपाटातून
बाईंनी पावत्याही काढून आणल्या.
दर महिन्याची दहा तारीख.
साडेतीनशे, चारशे, एकदा दोनशे ऐंशी.
दहा तारखेला ती बाजारातून उशिरा यायची.
सुकट खपली नाही, म्हणायची.
सहा वर्षं तिची सुकट
दहा तारखेलाच खपत नव्हती,
आणि लाद्या मोजणाऱ्या माणसाला
हे मोजता आलं नाही.

पैसे फिटले, नोंद तशीच राहिली.
म्हणून बिलात शेवटून दुसरी ओळ :
बोजा कमी करणे, दोन हजार.
तिथे मी घासाघीस केली नाही.
झेरॉक्सचे ऐंशी रुपये तेवढे कमी करून घेतले.

अकरा चाळीसला पहिला दस्त झाला.
इम्तियाज मुकादमने किल्ली दोन्ही हातांनी घेतली.
त्याला राहायचं नाही, जाळी ठेवायला जागा हवी आहे.
काका, समुद्राने अजून एक पायरी नेली तरी
माझं अडणार नाही, म्हणाला.
मग सर्व्हर बसला.
दुसरं टोकन एकोणीस.

खाली टपरीवर कोकम सोडा घेतला.
विकलेलं घर माझं नव्हतं, घेतलेलं झालं नव्हतं.
खिशात पासबुक, चष्मा, ते बिल.
मतदार यादीत कुठला पत्ता सांगायचा असतो अशा वेळी?
गंमत म्हणजे भूक लागली.
बाई फोनवर कुणाच्यातरी वाटपाचं भांडण सोडवत होत्या.
फोन ठेवला तेव्हा विचारलं,
ह्या पाऊण तासाचं काय लावलंत?
त्यांनी खरंच कागद उघडून पाहिलं.
त्याचं काही नाही, म्हणाल्या.

वरून एकोणीस नंबर पुकारला.
अंगठ्याची शाई पुसायला सोडेवाल्याने फडकं पुढे केलं.
म्हटलं, राहू दे,
लगेच लागणार आहे.